आबा दिवेकरांची विलायती शेगडी

आबा दिवेकर लोखंड चाखून विकत घेत. कढई असो, कोयता असो, नाहीतर विहिरीच्या रहाटाचा कणा असो. दुकानदाराने वस्तू पुढे ठेवली की आबा ती उजेडात नेत, धोतराच्या सोग्याने तिचा एक कोपरा पुसत आणि जिभेचे टोक त्याला लावत. मग डोळे मिटून थोडा वेळ उभे राहत. "खार शिरलाय," असे म्हणाले की सौदा मोडला. काही न बोलता त्यांनी कनवटीला हात घातला की दुकानदार सुटला. रेवदंड्याच्या बाजारातल्या एका दुकानदाराने त्यांच्या चुळा भरण्यासाठी वेगळा तांब्या ठेवला होता.

सवयीमागे कारण होते. आबांची सगळी नोकरी मीठ खात्यात, उरण-शेव्याच्या मिठागरांवर गेली. तिथे कुलपे, बिजागऱ्या, तराजूच्या दांड्या, छत्र्यांच्या काड्या, सगळे मिठाने खाल्लेले त्यांनी पाहिले होते. निवृत्त होऊन ते रेवदंड्याच्या घरी परतले तेव्हा त्यांच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू उरल्या होत्या: खार शिरलेल्या आणि खार न शिरलेल्या. माणसांनाही त्यांनी यातून सूट दिली नव्हती. नव्या मामलेदारांना भेटून आल्यावर म्हणाले, "माणूस चांगला आहे. बिजागरीत थोडा खार आहे, पण दार लागतं." मी तेव्हा अलिबागच्या एका साप्ताहिकाला रेवदंड्याच्या बातम्या पाठवत असे. त्या साप्ताहिकाबद्दल त्यांचे मत असे होते की बातम्या ठीक असतात, अग्रलेख गंजलेला असतो.

दुसरी सवय पत्रांची. खाते सुटले, पण खात्याची भाषा सुटली नाही. शिंप्याला चिठ्ठी लिहायची तरी वर "विषय: सदऱ्याचा डावा खिसा" असे लिहून खाली रेघ ओढत. आम्ही शेजारी असल्यामुळे पत्रे शुद्धलेखनासाठी माझ्याकडे येत. त्यामुळे पुढची हकिगत मला कागदोपत्री माहीत आहे.

आबा विधुर होते. एकुलती मुलगी शालू रोह्याला दिली होती. देश स्वतंत्र होऊन तीनचार वर्षे झाली असतील, त्या सुमारास शालूला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, ही रीत. पण आबांच्या घरात त्यांच्याशिवाय कोणी नव्हते. आबांनी रोह्याला पत्र पाठवले: "विषय: चि. सौ. शालूचे प्रथम बाळंतपण माहेरी होणेबाबत." उत्तर विहीणबाईंनी स्वतः लिहिले. कार्डावर चारच ओळी होत्या.

"तुमच्या घरी बाईमाणूस नाही. बाळंतपण पत्रांनी होत नाही. शालूला इथेच ठेवावे असे मला वाटते. तरी वैशाखात येऊन एकदा घर बघून जाईन."

आबांनी ते कार्ड माझ्यापुढे धरले. "यात नकार कुठे आहे, दाखवा."

मी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले.

"तो अभिप्राय झाला," आबा म्हणाले. "निर्णय पाहणीनंतर."

त्याच दिवशी त्यांनी व्यवस्थेची यादी केली. सुईण म्हणून थेरोंड्याची हिरूबाय कोळीण. जवळपासच्या चार गावांतली निम्मी मुले तिच्या हातावर जन्मली होती. पथ्याचे जेवण आमच्या घरून. न्हाणीला नवे दार. खोलीत चुना. एका बाबीपुढची जागा मात्र कोरी राहिली होती: शेगडी. बाळंतिणीला शेक द्यायला निखाऱ्यांची शेगडी लागते आणि ती आमच्याकडे प्रत्येक घरात असते, मातीची. माझ्या बायकोने आमची देऊ केली.

"मातीची नको."

"का हो?"

"नको म्हटलं ना, वहिनी."

लोखंडाच्या माणसाचा हट्ट, असे मी समजलो.

पुढच्याच आठवड्यात नागावच्या एका बंगल्यातले सामान लिलावात निघाले. मालक इंग्रज इंजिनिअर. तो मायदेशी निघून गेला होता. मी बातमीसाठी गेलो, आबा सवयीने आले. न्हाण्याचा टब एका बागायतदाराने बैलांसाठी घेतला. टोप्या अडकवायचा खांब केळीच्या घडांसाठी गेला. मग दोघा गड्यांनी एक चीज ओढत आणली. कमरेएवढ्या चार पायांवर लांबट लोखंडी परात, खाली राखेचा खण, वर सळ्यांची जाळी, बाजूला एक दांडा. दांडा फिरवला की जाळी वरखाली व्हावी अशी योजना असावी, पण दांडा फिरत नव्हता. एक पाय वरचा वीतभर तेवढा उरला होता, बाकीचा गंजून गेला होता, त्यामुळे सगळे प्रकरण लंगड्या म्हशीसारखे एका अंगावर कलले होते.

"विलायती शेगडी, एक!" कारकून ओरडला.

"काय करायचे हिच्यावर?" आबांनी विचारले.

"शेकायचे, साहेब." काय शेकायचे, ते कारकुनाला माहीत नव्हते. थोडा विचार करून म्हणाला, "पाव असेल."

आबा पुढे झाले आणि त्यांनी जाळीला जीभ लावली. गर्दीतून कोणी विचारले, "आबा, मीठ बरोबर पडलंय ना?" आबांनी डोळे उघडले. "खार शिरलाय," ते म्हणाले. लोक हसून दुसरीकडे वळले. त्यांचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. तेवढ्यात आबा म्हणाले, "पण तळापर्यंत नाही," आणि त्यांनी बोली लावली. दुसरी बोली आलीच नाही. खार शिरलेले लोखंड आबांनी विकत घेतल्याचे मी तेव्हा प्रथमच पाहिले.

बैलगाडीने शेगडी घरी आली आणि पुढचे दोन महिने आबांचे अंगण गंजाने तांबडे झाले. दांड्याचे दातेरी चाक त्यांनी घासलेटात बुडवून ठेवले आणि रोज सकाळी ते हलवून बघत, जसे पडू घातलेला दात हलवून बघतात. नवव्या दिवशी ते कर्र करून फिरले. आबांनी मला कुंपणावरून हाक मारून बोलावले आणि तो कर्र पुन्हा ऐकवला. परातीचा तळ चाळणीसारखा झाला होता. तिथे त्यांनी चौलच्या लोहाराकडून नवा पत्रा रिबिटाने बसवून घेतला. लोहाराने चौथा पाय जोडून द्यायची तयारी दाखवली. आबा म्हणाले, "चौथा बरोबर आहे. बाकीचे तीन उंच आहेत." तिन्ही पाय कापून त्यांनी शेगडी वीतभर उंचीवर आणली. बाजेखाली सरकवायची, तर तेवढीच हवी.

जाळीने सर्वांत जास्त दिवस घेतले. ती समुद्राची वाळू आणि नारळाची सोडणे घेऊन आबा घाशीत. सळ्यांवरून काळ्या, चिकट खपल्या निघत. मी एक खपली हुंगली. वास गंजाचा नव्हता.

"लोणी आहे," आबांनी सांगितले. "हे लोक पावाला लोणी फासून शेकतात. वर्षानुवर्षं गळलेलं लोणी."

मी बातमीदार होतो. ही माहिती मी पडताळून पाहायला हवी होती. पाहिली नाही.

जाळी स्वच्छ झाल्यावर त्यांनी सगळी शेगडी तीनदा लाल होईपर्यंत तापवली आणि तीनदा खोबरेल पाजले. नंतर परीक्षा: ओल्या मिठाचा मुटका तिच्यावर आठ दिवस ठेवला. मीठ काढले तर खाली डाग नाही. मग करवंट्यांचे निखारे घालून ते हाताची पाठ जाळीवर धरून बसत, दांडा एकेक दात फिरवत आणि कोणत्या दाताला किती ऊब लागते ते वहीत लिहीत. तिसऱ्या दातावर त्यांनी शेंदराचा ठिपका दिला. "बाळंतिणीला तिसरा. बाळाला पाचवा."

वैशाखात विहीणबाई शिडाच्या मचव्याने रोह्याहून आल्या. ठेंगण्या, करारी, हातात छत्री. त्यांनी खोलीचा चुना पाहिला, न्हाणीचे दार दोनदा लावून पाहिले, आमच्या स्वयंपाकघरात डोकावून माझ्या बायकोला डिंकाच्या लाडवांबद्दल तीन प्रश्न विचारले. उत्तरे पटली असावीत, कारण ओटीवर येऊन त्यांनी पाणी मागितले. आबांचा चेहरा उजळला. त्यांनी पेटवून ठेवलेली शेगडी दाखवली. विहीणबाई वाकून बघू लागल्या. इतक्यात ठरल्याप्रमाणे हिरूबाय आली. ती अंगणातच थांबली आणि तिने गालावर हात ठेवला.

"अगो बाय! ही तं नागावच्या सायबाची!"

"ओळखतेस?" आबा कौतुकाने म्हणाले.

"वलखते म्हंजे? मीच द्यायची ना म्हावरा त्याला. हिच्यावर भाजायचा तो पापलेटं. लय गोड वास सुटायचा."

विहीणबाई सरळ झाल्या. "मासे? हिच्यावर?"

"मासं कमी, बाय. कोंबरी जास्ती. आनि नाताळाला डुकराचा पाय."

ही जाळी आबांनी चाखली होती, हे मला आठवले. त्यांनाही आठवले असावे, कारण त्यांनी तोंड दुसरीकडे वळवले.

"लोखंड तीनदा लाल केलंय, विहीणबाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "लाल झालं की त्यात मागचं काही उरत नाही."

"तुमच्या खात्यात उरत नसेल." विहीणबाईंनी छत्री उचलली. "माझी सून या शेगडीवर शेकायची नाही. शालू रोह्यालाच राहील."

"मातीची आनते ना मी," हिरूबाय घाबरून म्हणाली. "दोन हायेत माझ्या घरात. कोऱ्या हायेत."

"ऐका. या बाईला कळतं ते तुम्हाला कळत नाही. मातीची का चालत नाही तुम्हाला?"

"मातीची फुटते," आबा म्हणाले.

"फुटली तर दुसरी आणायची!"

"आणायला गेलो होतो."

हे वाक्य त्यांनी इतके साधे उच्चारले की विहीणबाईंना ते प्रथम कळलेच नाही. आबा खांबाला टेकून उभे होते.

"शेव्याच्या चौकीवर होतो तेव्हा. शालू चार दिवसांची होती. पहाटे शेगडी तडकली, निखारे जमिनीवर पसरले. माझ्या आईने ते विझवले. चौकीवर दुसरी शेगडी नव्हती. मी खाडीपलीकडे गेलो, शेगडी घेतली, परत निघालो तर ओहोटी लागलेली. नाव चिखलात बसली. शेगडी मांडीवर घेऊन मी नावेत बसलो. पलीकडे चौकी दिसत होती. शालूची आई माझ्या आईला विचारत राहिली, शेगडी आली का म्हणून. मी पोचलो तेव्हा विचारायची थांबली होती. डॉक्टरांनी कागदावर ताप लिहिला. ताप असेलही. मला काय कळतं?"

हिरूबायने पदर तोंडाला लावला. इतकी वर्षे मी त्यांच्या शेजारी राहत होतो आणि यातले एक अक्षर मला माहीत नव्हते.

विहीणबाईंनी छत्री खांबाला टेकवून ठेवली. त्या शेगडीपाशी खाली बसल्या. हाताची पाठ जाळीवर धरून त्यांनी दांडा फिरवला. जाळी आवाज न करता खाली गेली. पुन्हा फिरवला, ती वर आली.

"आणि बाज किती उंच आहे?" त्यांनी विचारले.

"बाज?" आबा म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी यादी आठवून पाहिली. न्हाणीचे दार होते, चुना होता, दांड्याचे दात होते. बाज नव्हती. आबा वर्षानुवर्षे चटईवर झोपत आले होते. शेगडी बाजेच्या मापाने कापली, पण ती बाज आणायला हवी, हे त्या घरात कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. हिरूबाय पदराआड हसू लागली, आणि मग विहीणबाईही.

"बाज मी पाठवते," त्या म्हणाल्या. "आमची सागवानी आहे, माझी तिन्ही बाळंतपणं तिच्यावर झाली. शालूच्या आधी मचव्याने येईल. धक्क्यावर उतरवून घ्यायला कोणाला तरी ठेवा."

"कधी येईल?"

"मचवा मिळेल तेव्हा. या महिन्यात नाहीतर पुढच्या."

दुसऱ्या दिवसापासून आबा भरतीच्या वेळी धक्क्यावर जाऊन उभे राहू लागले.