मारोतराव मुके, बकरी बोलकी

पडद्यावर मारोतराव बोलत होते. ओठ हलत होते, मिशा हलत होत्या, उजव्या हाताची तर्जनी हवेत वरखाली होत होती. आवाज मात्र येत नव्हता. त्यांच्यामागे खुंट्याला बांधलेली बकरी ओरडली, ती सगळ्यांना स्पष्ट ऐकू आली.

पडदा म्हणजे फुलसावंगीतल्या त्यांच्याच बैठकीच्या भिंतीवर ताणून बसवलेली चादर. समोरच्या खुर्चीत खुद्द मारोतराव बसले होते आणि स्वतःच्या मुक्या प्रतिमेकडे एकटक पाहत होते. शेजारी त्यांच्या पत्नी तानाबाई, दारापाशी मुलगी सुरभी, आणि प्रोजेक्टरजवळ सुरभीचा नवरा इंद्रजीत. चित्रपट त्याचा होता.

"जवाईबुवा," मारोतराव म्हणाले, "मी काय म्हनून राह्यलो, थे आयकू येत नाही."

"हो, मामाजी."

"बकरी आयकू येते."

"हो, मामाजी."

"काहून?"

इंद्रजीत भौतिकशास्त्राचा पदवीधर होता. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ नाही, हे त्याच्या चटकन लक्षात आले; पदवी नसती तर त्याने एखादे उत्तर दिलेही असते. "पाहतो," एवढेच तो म्हणाला.

पदवीनंतर त्याने बाभुळगावला लग्नाच्या शूटिंगचे दुकान टाकले होते. हा उद्योग मारोतरावांच्या लेखी उद्योगांत मोडत नव्हता. जावई काय करतात असे कोणी विचारले, की ते "हाये त्याइचं कायतरी" म्हणून पिकापाण्याकडे वळत. म्हणूनच इंद्रजीतने वर्षभर खपून एक लघुपट लिहिला. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडणारे दोन शेजारी, इतकीच गोष्ट. एक शेजारी मारोतराव आणि दुसरा त्यांचा खरोखरचा शेजारी देवीलाल. दोघांमध्ये धुऱ्याचा वाद मुळातच असल्याने तालमीची फारशी गरज पडली नाही. चित्रीकरण संपले त्या दिवशी मारोतरावांनी पहिल्यांदाच चारचौघांत "आमचे जवाई पिच्चर काहाडतात" असे वाक्य उच्चारले, आणि येत्या रविवारी तो पाहायला मारेगावपर्यंतच्या सोयऱ्यांना बोलावणी धाडली. आजचे दाखवणे घरच्यांपुरते, म्हणजे केवळ खात्री करून घेण्यासाठी होते.

चादरीवर आता देवीलाल बोलू लागला. त्याचा शब्द अन् शब्द खणखणीत ऐकू येत होता. "मारोत्या, तुझ्या बापानं सरकवला हा धुरा!" असे तो म्हणाला. उत्तरादाखल मारोतरावांनी निःशब्दपणे तोंड उघडले आणि मिटले.

"बंद करा," खुर्चीतले मारोतराव म्हणाले. "माह्या बापाचं नाव घेऊन राह्यला थो, अन् मी मासोयीवानी तोंड हालवून राह्यलो. तुमी जवाई आहा म्हनून मी काही बोलत नाही. पन रविवारी सोयरे येऊन राह्यले."

यानंतर मारोतराव बराच वेळ काही न बोलण्याविषयी बोलत होते.

सुरभीने नवऱ्याला मागच्या ओसरीवर गाठले. "बाबानं आयुष्यात पयल्यांदा तुमची तारीफ केली, अन् तुमी त्यायलेच मुकं केलं?"

"मी नाही केलं. सॉफ्टवेअरनं केलं."

"सॉफ्टवेअर कोनं आनलं?"

"मी."

"मंग? हे पाहा, रविवारी बाबा पडद्यावर बोलले, तं मी तुमच्यासंगं बाभुळगावले येईन. नाही बोलले, तं तुमी अन् तुमचं सॉफ्टवेअर संगं राहा."

सॉफ्टवेअरची हकीकत अशी. चित्रीकरणाच्या दिवसांत देवीलालच्या खळ्यात सोयाबीनची मळणी चालू होती. देवीलाल कॅमेऱ्यासमोर भांडत असताना त्याचे मळणी यंत्र, त्याच्या माणसांच्या हाती, अविरत घरघरत होते. प्रत्येक संवादाखाली ती घरघर बसली होती. तेव्हा इंद्रजीतने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे एक सॉफ्टवेअर आणले. नको असलेला आवाज वेचून काढणे हे त्याचे काम. ते त्याने इतके सफाईने केले होते, की चित्रपटात मळणी यंत्र कुठेच उरले नव्हते. मारोतरावही उरले नव्हते.

मूळ ध्वनिमुद्रण सुरक्षित होते. त्यात मारोतराव होते. पण घरघरीच्या इतक्या खोल तळाशी, की धुऱ्याच्या भांडणातला 'धुरा' तेवढा वर येई. सोयऱ्यांना दाखवण्याजोगे ते नव्हते. मग मारोतरावांकडून सगळे संवाद पुन्हा म्हणवून घ्यावेत, असा सरळ मार्ग इंद्रजीतला सुचला. बैठकीच्या खिडक्यांना गाद्या लावल्या, मारोतरावांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि समोर चित्र सुरू केले.

"मामाजी, पडद्यावर ओठ हलतील तसं बोलायचं. तेच शब्द."

"हाव, समजलं."

मारोतरावांना ते खरोखरच समजले होते. अडचण अशी, की चित्रातला देवीलाल बापाचे नाव काढी आणि मारोतराव त्याला दर वेळी नवे उत्तर देत. शूटिंगच्या दिवशी सुचले नव्हते असे पुष्कळ काही त्यांना आता सुचू लागले होते. ओठ थांबले तरी वाक्य थांबत नसे. एका फेरीत तर त्यांनी देवीलालची दोन हजार अकरामधली बोअरवेलची भानगडही काढली. चित्रपटाच्या कथेत ती नव्हती.

"मामाजी, लिहिलेलं तेवढंच म्हणा."

"त्यानं बोलावं अन् मी लिहेलच वाचू? असा कोनता धुरा राह्यते, जवाईबुवा?"

हा मार्ग बंद झाल्यावर इंद्रजीत पुन्हा कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळला. माणसाच्या आवाजाचे नमुने दिले, की ती त्याच आवाजात हवे ते वाक्य म्हणून दाखवते. नमुन्यांची ददात नव्हती. मारोतराव कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी बोललेला निरोप टाकत. ते सारे निरोप यंत्राला दिले, संवाद दिले, आणि तयार झालेला आवाज त्याने सर्वांसमोर वाजवला.

"देवीलाल," अत्यंत शांत, सुसंस्कृत सुरात यंत्र म्हणाले, "मी माझ्या धुऱ्यावरून एक पाऊलही मागे हटणार नाही."

आवाज मारोतरावांचाच होता. वाक्यरचना मात्र यंत्राने परस्पर सुधारून घेतली होती. स्वयंपाकघरातून येणाऱ्या तानाबाई उंबऱ्यावरच थबकल्या, त्यांनी डोक्यावर पदर ओढला आणि दबक्या आवाजात सुरभीला विचारले, "कोन साहेब आले वं? च्या मांडू का?"

"माय, बाबाचाच आवाज हाये थो."

"काहीतरीच! इतक्या सबुरीनं थे कधी बोलले?"

मारोतराव स्वतःही अस्वस्थ झाले होते. "हा तं तहसीलदार बोलून राह्यला," ते म्हणाले. "सोयरे मले वयखतीन काय?"

एव्हाना गोष्ट गावात गेली होती. तिचे पारावर पोहोचलेले रूप असे होते, की देवीलालने जावयाला फितवून मारोतरावांचा आवाज काढून टाकवला. या मताला पुरावाही होता: देवीलालचा आवाज शाबूत होता. देवीलाल स्वतः घरी आला, तो तावातावाने.

"काय जी मारोतराव, मी तुमचा आवाज चोरला म्हनता? मी काय करू त्याचं? माह्या घरी काय कमी आवाज हाये?"

"मंग तुहा काहून राह्यला?"

"हे मले कायले पुसता? तुमच्या जवायाले पुसा ना!"

दोघेही इंद्रजीतकडे पाहू लागले. मारोतरावांनी उजवी तर्जनी उचलली. "जवाईबुवा, रविवारी सगळ्या सोयऱ्यांसमोर मी त्या मानसाचं नाव सांगनार, ज्यानं हे केलं. थो कोनीही असो. तुमी शोधा. तुमी सायन्सवाले आहा."

शास्त्राचा असा जाहीर उल्लेख झाल्यावर इंद्रजीतला माघार घेता येईना. तो लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसला आणि शंका एकेक करून तपासू लागला. मारोतरावांचा भरदार, खर्जातला स्वर सॉफ्टवेअरला घरघरीसारखा वाटला असेल काय? पण देवीलालचा स्वर त्याहून खर्जातला होता. मारोतराव मळणी यंत्राच्या बाजूला उभे होते काय? नाही, त्या बाजूला बकरी होती. माइक बिघडला होता काय? तर मूळ मुद्रणातही ते नसते. शिवाय एक विचित्र गोष्ट त्याच्या ध्यानात आली. स्वच्छ केलेल्या चित्रपटात मारोतरावांचा खोकला होता. त्यांचे खाकरणे होते, नाक शिंकरणेही होते. गेले होते ते केवळ बोलणे. म्हणजे सॉफ्टवेअरचा रोष मारोतरावांवर नव्हता. त्यांच्या बोलण्यावर होता. मारोतरावांचे बोलणे म्हणजे नको असलेला आवाज, हे त्याला कोणीतरी शिकवलेले होते.

शिकवायला इंद्रजीतखेरीज कोणी नव्हते. त्याने नको असलेल्या आवाजाचा नमुना म्हणून दिलेली शिकवणीची फाइल उघडली, कानांना हेडफोन लावला आणि ऐकली. ती त्याने आजवर ऐकलेली नव्हती. मग पुन्हा एकदा ऐकली.

दुरुस्ती अवघड नव्हती. चित्रपटात एके ठिकाणी दोन्ही शेजारी धुऱ्यावर नुसतेच एकमेकांकडे रोखून पाहतात आणि मागे फक्त मळणी यंत्र घरघरते. तो तुकडा कापून त्याने शिकवणीसाठी दिला आणि सॉफ्टवेअरला सगळे काम नव्याने करायला लावले. मळणी यंत्र गेले. मारोतराव आले, तर्जनीसकट, बापाच्या नावाच्या बदल्यात दिलेल्या सव्याज उत्तरासकट आले.

रविवारी बैठक भरून सोयरे अंगणात सांडले. चित्रपट संपला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि मारेगावचे एक वयस्क मेव्हणे म्हणाले, "मारोतराव, जवाई कामाचा हाये हो." मारोतरावांची छाती फुगली. सुरभी दारापाशी हसली. इंद्रजीतला वाटले, आता इथेच थांबावे. पण मारोतराव उठून उभे राहिले.

"सोयरे हो, एक गोष्ट राह्यली. माहा आवाज कोनंतरी दाबला होता. जवायानं थो वापस आनला. आता थे नाव सांगतीन." ते इंद्रजीतकडे वळले. "सांगा, जवाईबुवा. भेवाचं काम नाही."

कोपऱ्यात देवीलाल ताठ बसला. इंद्रजीतने सुरभीकडे पाहिले. ती हसायची थांबली होती. सॉफ्टवेअरवर ढकलून मोकळे होता आले असते, आणि ते कोणालाही खोटे वाटले नसते. परंतु देवीलालवरचा आळ तसाच राहिला असता. शिवाय शास्त्राचे नाव घेतले गेले होते.

"मामाजी, नाव नाही सांगत. सॉफ्टवेअरला शिकवायला दिलेली अर्ध्या मिनिटाची फाइल ऐकवतो."

त्याने फाइल सुरू केली. स्पीकरमधून मळणी यंत्राची घरघर आली आणि तिच्यावर, सर्व बाजूंनी, एकच आवाज:

"चूप! चूप बसा सगळे! जवाईबुवानं सांगतलं, कोनी हूं का चूं करायचं नाही! ए देवीलाल, हालू नोको! तानाबाई, बांगड्या! चूप म्हनलं ना! कोन बोलून राह्यलं थे? कोनी नाही? मंग असंच राहा! एकदम चूप! मी आहो इथी उभा!"

फाइल संपली. तानाबाई हळूच म्हणाल्या, "बरं झालं. मशीनीले अर्ध्या मिनिटात समजलं. मले उभा संसार लागला."

पहिल्यांदा देवीलाल हसला. मग मारेगावचे मेव्हणे, मग सगळे अंगण. मारोतरावांनी तर्जनी उचलली, तिच्याकडे पाहिले आणि खाली घेतली. ते जावयाजवळ आले.

"मीच होतो थो."

"मीही होतो, मामाजी. ऐकून न पाहता मीच ते सॉफ्टवेअरला दिलं."

"मंग दोघाइचंबी नाव सांगा," मारोतराव म्हणाले आणि खुर्चीत बसले. त्या दिवशी ते आणखी काही बोलले नाहीत. सुरभी आत जाऊन बाभुळगावला निघायची बॅग भरू लागली.

इंद्रजीतने सोयऱ्यांना कारण सांगितले, ते असे. प्रत्येक जागेच्या शांततेला तिचा स्वतःचा आवाज असतो. म्हणून चित्रीकरण आटोपल्यावर सर्वांनी अर्धे मिनिट गप्प उभे राहायचे आणि ती शांतता मुद्रित करायची, अशी या धंद्यातली रीत आहे. हेच मुद्रण सॉफ्टवेअरला दाखवतात आणि सांगतात, की यात जे ऐकू येईल ते नको आहे. त्या दिवशी मुद्रण सुरू करून इंद्रजीत स्वतः मळणी यंत्र बंद करायची विनंती करायला खळ्यात गेला होता, आणि सर्वांना गप्प ठेवण्याचे काम, मान म्हणून, त्याने सासऱ्यांकडे सोपवले होते. यंत्र बंद झाले नाही. देवीलाल गप्प राहिला. तानाबाई गप्प राहिल्या. बकरीही गप्प राहिली. त्या अर्ध्या मिनिटात फक्त मळणी यंत्र आणि मारोतराव चालू होते; म्हणून सॉफ्टवेअरने दोघांनाही काढून टाकले.