सोळा उचलींचा ठराव

कोणत्याही श्रमाचे रास्त मोल ठरविणे हे मनुष्यजातीचे पवित्र कर्तव्य होय. देणाऱ्याने ठरविले तर त्यात स्वार्थ शिरतो, घेणाऱ्याने ठरविले तर हाव. म्हणून ते अशा तिसऱ्याने ठरवावे, ज्याला काही द्यावयाचे नाही व काही करावयाचेही नाही.

सन १९८५ च्या मार्चमध्ये हे कर्तव्य वाशी येथील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेवर येऊन पडले. दुसऱ्या मजल्यावरील श्री. नंदकिशोर व सौ. वैशाली यांस दहा महिन्यांची कन्या आहे. नंदकिशोर दुपारपाळीस एक वाजता निघतात. वैशालीबाईंची रजा संपून त्या एक एप्रिलपासून फोर्टातील कचेरीत रुजू होणार होत्या. कचेरीतून बसने परत येईतो साडेसहा. मधले साडेपाच तास कन्येस सांभाळण्यास वाशीगावच्या पुतळाबाई तयार झाल्या व आठवडाभर आधीपासून येऊ लागल्या. मागणी महिना ऐंशी रुपये. (अध्यक्षांचा प्राथमिक अंदाज पस्तीस.)

एका घराने ऐंशी दिले की सर्व घरांचे दर चढतात, हे ओळखून अध्यक्ष कमळाकर यांनी त्रिसदस्य समिती नेमली : हिशेब खात्यातून निवृत्त झालेले ते स्वतः, कारखान्यात टाइमकीपर असलेले जयप्रकाश, आणि कांदाबटाटा बाजारातील मापाडी या नात्याने मी. समितीत एखादी स्त्री घ्यावी अशी सूचना आली होती. परंतु स्त्रियांना मुले सांभाळण्याचा अनुभव असल्यामुळे त्यांचे मत निःपक्षपाती राहिले नसते.

"काका, मला एक तारखेला जॉइन व्हायचंय," वैशालीबाई म्हणाल्या. "मावशी गेली तर मी राजीनामा देऊ का? घराचे हप्ते कोण भरणार?"

"शास्त्राला घाई चालत नाही," अध्यक्ष म्हणाले.

जयप्रकाश घड्याळ घेऊन एक दुपार बसले. एकूण मिनिटे ३३०. पैकी कन्या निद्रिस्त १३० (काम नाही, वजा). कन्या एकटीच वाटी आपटत होती ४० (स्वयंरोजगार, वजा). पुतळाबाईंचा चहा ६. शिल्लक १५४ मिनिटांचे, ऐंशीच्या प्रमाणात, महिना सदतीस रुपये निघाले. अध्यक्षांची मुद्रा प्रसन्न झाली.

तथापि कामाचे मोल वेळेवर नसून वजनावर असते, हे बाजारात पंधरा वर्षे काढलेल्या माणसास सांगावे लागत नाही. मी काटा आणला.

"मापारीदादा, पोरीला कांद्याचे गोनीत भरतंस काय?" पुतळाबाईंनी विचारले. असल्या प्रश्नांनी समिती विचलित झाली नाही.

कन्येचे वजन साडेआठ किलो. दिवसभरात उचल ४६ वेळा. म्हणजे रोज ३९१ किलो; पन्नास किलोची गोणी धरल्यास सुमारे पावणेआठ गोणी. गोणीला पंचेचाळीस पैसे हमालीने सव्वीस दिवसांचे साडेएक्याण्णव रुपये झाले.

जयप्रकाश यांनी गुणाकार पुन्हा करून पाहिला; आकडा तोच आला.

मग अध्यक्षांनी लंगोट ओला असल्याचे कारण देऊन बाजाराच्या रिवाजाप्रमाणे वजनातून कडता कापण्याचे सुचविले. तेवढ्याने भागेना. अखेर दोष दरात नसून उचलण्याच्या सवयीत आहे, हे जयप्रकाश यांच्या ध्यानी आले. एकमताने ठराव झाला : कन्येस दिवसातून सोळा वेळाच उचलावे. सोळा उचलींचे बत्तीस रुपये होतात. ही रक्कम अध्यक्षांच्या अंदाजापेक्षाही कमी भरली, यावरून आमची पद्धत किती निर्दोष होती ते दिसते.

"सोला तं सोला," पुतळाबाई म्हणाल्या.

एक तारखेस सव्वातीन वाजता सोळावी उचल संपली. कन्येने टाहो फोडला. तो तीन जिन्यांत ऐकू गेला. अध्यक्ष धावत आले.

"अहो पुतळाबाई, पोर रडतेय!"

"आयकतंय ना मी. मना का कान नाय? सोला झाल्या, बाबा."

"मग आता?"

"आता समिती उचलंल."

साडेसहापर्यंत समितीने कन्येस एकतीस वेळा उचलले (मानसेवी तत्त्वावर). जयप्रकाश यांनी दुपारपाळीस रजा टाकली. माझी कंबर, जी पन्नास किलोच्या गोणीपुढे कधी वाकली नव्हती, तिच्याविषयी येथे लिहिणे अप्रस्तुत आहे. कन्या खाली ठेवताच ओरडे, कांदा ओरडत नाही; हा मुद्दा आमच्या सूत्रात राहून गेला होता.

वैशालीबाई आल्या, तेव्हा अध्यक्ष कन्येस खांद्यावर घेऊन गॅलरीत येरझारा घालीत होते. वैशालीबाईंनी पायातल्या चपलाही काढल्या नाहीत.

"द्या इकडे. मावशी, उद्या एकला या. ऐंशी देईन."

"येतंय," पुतळाबाई म्हणाल्या. "पन मी मोजनार नाय हां, बाय."

"आणि दप्तरात काय लिहू?" अध्यक्षांनी विचारले.

"काय वाट्टेल ते लिहा!"

त्यानुसार बत्तीस लिहिले. हा ठराव आता आजूबाजूच्या संस्थांतही प्रमाण मानला जातो व सतरा घरांनी त्याप्रमाणे दर बांधून घेतला आहे.

वाचकांनीही एव्हाना मनातल्या मनात आपल्या घरच्या बाईंचा आकडा काढून पाहिला असेल. ज्यांचा देत असलेला पगार त्याहून कमी भरला, त्यांनी हा लेख घरात उघडा टाकू नये. ज्यांच्या बाईंना वाचता येत नाही, त्यांनी खुशाल टाकावा.