टाकाऊपणाचा दाखला

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात अंधेरी पूर्वेच्या ‘शुभंकर’ सहकारी गृहनिर्माण संस्थेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे बालकला शिबिर भरवायचं सर्वानुमते ठरलं. ठरल्यानंतर लक्षात आलं, की संस्थेच्या बेचाळीस बिऱ्हाडांत टाकाऊ असं काहीच नाही.

अडचण गंभीर होती. दूध पावडरीच्या डब्यांत साखर होती, औषधाच्या बाटल्यांत खोबरेल होतं, फाटक्या चादरींची पायपुसणी झाली होती. मग समितीने यादी लावली : प्रत्येक मुलाने एक पत्र्याचा डबा व आइस्क्रीमच्या वीस काड्या आणाव्यात, प्रत्येक डब्यासोबत टाकाऊपणाचा दाखला जोडावा. पालक कामाला लागले. पहिल्या मजल्यावरच्या कमलताईंनी दूध पावडरीचा नवा डबा आणून पावडर परातीत उपडी केली. तिला मुंग्या लागल्या. त्यांच्या धाकटीने चार दिवसांत वीस आइस्क्रीमं संपवली आणि टॉन्सिल सुजवून घेतले. आठवड्याभरात संस्थेचा कचरा तिप्पट झाला. समितीने हा प्रतिसाद उत्साहवर्धक असल्याची नोंद केली.

तळमजल्यावरच्या डोरोथीकडे पत्र्याचा डबा एकच होता, आणि तो भरलेला होता. तिचे पपा, बॅप्टिस्ट, फेब्रुवारीत गेले. कपडे चर्चला दिले. राहिला हा बिस्किटांचा डबा. त्यात तीस वर्षं जमवलेले स्क्रू, बिजागऱ्या, नळाचे वायसर, सगळं कागदाच्या पुड्यांत. पुड्यांवर पपांचं अक्षर : ‘नळ’, ‘खिडकी’, ‘कशाचा ते आठवत नाही, पण चांगला आहे’. इमारतीत काही निखळलं की माणूस या डब्याकडे यायचा.

“मम्मी, शिबिराला सगळे जातात गं. मीच एकटी जात नाही,” क्लॅरिस म्हणाली. “ग्रँडपाचा डबा दे ना.”

डोरोथी सेक्रेटरी मोकाशींकडे गेली. डब्याशिवाय मुलीला घ्या, एवढंच तिचं म्हणणं होतं.

“असं कसं, डोरोथीबाई? टाकाऊच नाही, तर टिकाऊ कशातून करणार? घरात डबा आहे ना?”

“तो पपांचा आहे.”

“मग मूळ मालकाची सही लागेल.”

“मोकाशीसाहेब, ते गेले. तुम्ही आला होतात मातीला.”

“होय की. फार भला माणूस.” मोकाशींनी मान खाली घातली. खाली नियमावली होती. “मग तर सोपंच झालं. हा बघा, नियम सात. मयत व्यक्तीच्या वस्तू आपोआप टाकाऊ वर्गात मोडतात. मृत्यूच्या दाखल्याची खरी नक्कल जोडा आणि तुम्ही सही करा.”

दाखल्याच्या फॉर्मवर छापलं होतं : ‘उपरोक्त वस्तू कोणाच्याही उपयोगाची नाही.’ घरी येऊन डोरोथीने पेन उघडलं, तेवढ्यात दारात कमलताई.

“डोरोथी, एक स्क्रू दे गं पपांच्या डब्यातला. कढईचा कान निघालाय.”

डोरोथीने स्क्रू दिला. खिडकीत क्लॅरिस गज धरून उभी होती; बाहेरून मुलं पिशव्या घेऊन हॉलकडे चालली होती. डोरोथीने सही केली.

डब्याचा यंत्रमानव झाला. बिजागऱ्यांचे कान, वायसरचे डोळे, स्क्रूंचे दात, सगळं डिंकात पक्कं. पुड्यांचे कागद मात्र मळलेले निघाल्यामुळे केरात गेले. प्रदर्शनात यंत्रमानवाला पहिलं बक्षीस मिळालं. ‘मुलांना वस्तूचं मोल कळलं,’ असं प्रमुख पाहुणे म्हणाले. बक्षीस म्हणून क्लॅरिसला प्लास्टिकचा एक नवा डबा देण्यात आला. रिकामा.

नियमाप्रमाणे सर्व कलाकृती संस्थेच्या मालकीच्या झाल्या आणि पंपाच्या खोलीत ठेवल्या गेल्या. पंधरा दिवसांनी पंपवाल्याने पाय ठेवायला जागा नसल्याची लेखी तक्रार केली. तक्रारीची तत्परतेने दखल घेऊन समितीने सगळं टिकाऊ पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत चढवलं. डोरोथी धावत फाटकापर्यंत गेली, तेव्हा गाडी चकाला नाक्याच्या पुढे गेली असावी.

जुलैत टाकीखालचा मोठा नळ गळू लागला. बेचाळीस बिऱ्हाडांचं पाणी गटारात जात होतं. मोकाशी स्वतः डोरोथीच्या दारात आले.

“अगं डोरोथी, पपांच्या डब्यातला एक वायसर काढ ना पटकन. जुन्या मापाचा आहे, बाजारात मिळत नाही. त्यांनीच बसवला होता मागे.”

डोरोथी आत गेली आणि दाखला घेऊन आली. मोकाशींनी चष्मा लावून तो शिक्क्यापर्यंत वाचला.

“कोणाच्याही उपयोगाची नाही,” ती म्हणाली. “तुमच्या शिक्क्यानिशी.”

“हो, दाखला अगदी नियमात आहे,” मोकाशी म्हणाले. त्यांना बरंच वाटलेलं दिसलं. दाखला घडीवर घडी घालून त्यांनी परत दिला आणि नळाखाली बादली ठेवायला माणूस पाठवला.

नळ अजून गळतो. नियम सातही अजून लागू आहे, हयात सभासदांना तो कालांतराने लागू होईल. तो सर्वसाधारण सभेत एकाही हरकतीविना मंजूर झाला होता. त्या सभेला तुम्हीही होतात. विषय शेवटचा होता, चहा निवत चालला होता, आणि तुम्ही हात वर केला होतात.