वकीलअप्पांचं लायसन

पोलिसानं हात केला की बाकीचे ड्रायव्हर खिसे चाचपायला लागतात. शिवप्पांचा चेहरा मात्र लग्नाचं बोलावणं आल्यासारखा फुलायचा. टँकर कडेला घेऊन ते इंजन बंद करायचे, आरशात बघून टोपी सरळ करायचे आणि मला म्हणायचे, "उतरा भाऊसाहेब, कायदा आला."

भाऊसाहेब म्हणजे मी, निलंगा तहसीलचा कारकून. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ जुनाच होता. कोणत्या वाडीला पाणी पोचलं याची नोंद ठेवायला साहेबांनी मला शिवप्पांच्या शेजारी बसवलं. पदवी घरात काचेच्या चौकटीत आणि पदवीधर टँकरवर.

शिवप्पांना सगळा तालुका वकीलअप्पा म्हणायचा. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. उदगीरच्या बाजारातून त्यांनी मोटार कायद्याचं एक पातळ पुस्तक आणलेलं. ते मी रोज दोन पानं मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी ऐकून पाठ करायचं.

"आदी आपलं कर्तव्य, मंग हक्क," ते बोटांवर मोजत सांगायचे. "वर्दीतल्यानं हात केला, थांबायचं. लायसन मागितलं, द्यायचं. आवाज चढवायचा न्हाई. आन् त्यानं ठिवून घेतलं तर पोच मागायची. लेखी!"

एकदा एका हवालदारानं बनियनवरच गाडी अडवली. अप्पा नम्रपणे म्हणाले, "साहेब, वर्दी घालून या. आम्ही बसतो हितंच." बिचारा खरोखर जाऊन घालून आला. मग अप्पांनी त्याला कडक सलाम ठोकला आणि दोन्ही हातांनी लायसन पुढं केलं.

परिणाम असा झाला की अप्पांचा टँकर दिसला की नाक्यावरचे पोलीस पाठ फिरवून चहा प्यायला लागायचे. अप्पा खट्टू व्हायचे. मुद्दाम गाडी हळू करायचे, हॉर्न द्यायचे. "आपल्याला इज्जतच राहिली न्हाई, भाऊसाहेब." घरी तरी कोण होतं बोलायला? बायको जाऊन तीन-चार वर्षं झाली होती.

लायसनवर जिल्हा जुनाच होता, उस्मानाबाद. मी कितीदा म्हणालो, "अप्पा, अर्ज लिहून देतो, जिल्हा बदलून घ्या."

"मी काहून बदलू? मी जागचा हाललो न्हाई. जिल्हा हालला."

भर वैशाखात ते अंगावर आलं. टँकर दोन दिवस नादुरुस्त होता, सीमेकडच्या वाडीतल्या बाया वाट बघत होत्या, आणि नाक्यावर नवा जमादार आलेला.

"ह्यो जिल्हा हितला न्हाई," लायसन उलटंसुलटं करत तो म्हणाला. "चालत न्हाई."

अप्पांनी टोपी सरळ केली. मी मांडीवर पुस्तक उघडलं. "साहेब, मुदत हाय का लायसनला?"

"हाय."

"मंग? जिल्हा नवा केला म्हून जुन्यातली लेकरं बेवारस झाली का?"

नाक्यावरच्या हॉटेलातली माणसं हसली. जमादार लाल झाला. "लई शाना हाईस! लायसन जमा. उद्या ठाण्यात ये."

"येतो की. पोच द्या. लेखी."

"पावतीबुक ठाण्यात हाय. मानूस धाडतो. बस दोन तास!"

अप्पांना दोन तास म्हणजे पर्वणी. मी पाय पसरले. तेवढ्यात अप्पांचं लक्ष आरशाकडं गेलं. टँकरची तोटी गळत होती. रस्त्यावरून ओघळ चालला होता आणि दोन शेळ्या तो चाटत होत्या.

अप्पांनी टोपी काढली. "चुकलं साहेब. ठिवा लायसन. येतो उद्या." आणि गाडी चालू केली.

मी भडकलो. "अप्पा, आपलं बरोबर होतं!"

"हाव की. पन आपलं बरोबर बायांनी घागरीत भरावं का?"

वाडीत शेवटची घागर भरेपर्यंत ते तोटीपाशी उभे राहिले. येताना नाक्यावर कुणी हात केला नाही, तरी थांबले. इंजन बंद. टोपी सरळ.

"साहेब, टँकर रिकामा झाला. आता सांजपातूर येळ हाय. पोच."

जमादारानं त्यांच्याकडं बघितलं, माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडं बघितलं आणि खिशातून लायसन काढलं. "घे बाबा. पोच लिहिण्यापरीस हे बरं."

गाडीत बसल्यावर अप्पांनी ते माझ्या हातात दिलं. "वाचा. दुसऱ्याचं तर न्हाई ना दिलं?"

मी नाव वाचलं, गाव वाचलं. "जिल्हा उस्मानाबाद."

"पुन्ना वाचा."

"जिल्हा उस्मानाबाद."

"लायसन काढाया उस्मानाबादला ती आल्ती संगं," रस्त्याकडं बघत ते म्हणाले. "येष्टीनं. भाकरी बांधून दिवसभर हापिसाच्या लिंबाखाली बसली. तिनं बगितलेलं येवढं येकच मोठं गाव. घरी आल्यावर समद्यांना सांगत सुटली, आमचं लायसन झालं म्हून."

अर्जाचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

पुढच्या नाक्यावर ओळखीचा हवालदार होता. टँकर बघून त्यानं सवयीनं पाठ फिरवली. अप्पांनी गाडी हळू केली. या वेळी हॉर्न मी दाबला.