मोठा स्पीकर

भिंतीपलीकडं गाणं सुरू झालं की कावेरीबाईंची भाकरी तव्यावर करपायची. निलंग्यात दोघा भावांची घरं एका भिंतीला भिंत लागून. धाकट्या दिरानं, बसवंतानं, बायकोला, राजकन्येला, लातूरहून ब्लूटूथचा स्पीकर आणून दिला होता. पेल्याएवढाच, पण ती तो तान्ह्या लेकरासारखा घेऊन फिरायची. धुणं धुतानाही गाणं आणि शेंगा फोडतानाही गाणं.

"आपल्याला काय कान न्हाईत का?" कावेरीबाईंनी नवऱ्याला विचारलं, आणि पुढचे आठ दिवस भाजीत मीठ घालायचं त्यांच्या लक्षातच राहिना. शेवटी हनुमंतरावांनी तिप्पट मोठा, रंगीत दिव्यांचा स्पीकर आणला आणि आपल्या फोनला जोडला.

अडचण दुसऱ्या दिवशी कळली. हनुमंतराव खताच्या दुकानाला निघाले. ते कोपऱ्यावर पोचले असतील नसतील, तोच स्पीकरमधली बाई इंग्रजीत काहीतरी पुटपुटली आणि गप्प झाली. गाणी फोनात आणि फोन नवऱ्याच्या खिशात. कावेरीबाईंचा स्वतःचा फोन बटणांचा, त्यात ब्लूटूथ कुठलं? नवरा घरात असेल तोवरच स्पीकर बोलणार. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दिवसा नुसते दिवे लावून त्या तो खिडकीत ठेवायच्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र त्यांनी सगळी गल्ली बोलावली आणि नवऱ्याला आतल्या खोलीत बसवून ठेवलं. पंधरा बायका जमल्या, सनई सुरू झाली. तेवढ्यात दुकानावर मालाची गाडी आली. हनुमंतराव मागच्या दारानं सटकले आणि सनई मध्येच तुटली.

"काय झालं वो?" मास्तरांची सून पुनम म्हणाली.

"तापला असंल."

"अक्का, माझा फोन जोडू का?" राजकन्येनं इतक्या गोडीनं विचारलं, की कावेरीबाईंच्या घशात तिळगूळ अडकला.

"जोड की."

सनई पुन्हा सुरू झाली. राजकन्या फोन हातात घेऊनच लाडवांची परात आणायला आपल्या घरी गेली. तिथं तिच्या आईचा, शिवम्मांचा, फोन आला. तिनं तो उचलला, पण तिला काहीच ऐकू येईना. सगळं इकडं पंधरा बायकांत ऐकू येऊ लागलं.

"राजे, सकाळी कशाला रडलालीस गं?" शिवम्मांचा आवाज खोलीभर घुमला. "जावेनं गाण्याचा मोठा डबा आणला म्हणून कुणी जेवण टाकतंय का?"

सगळ्या बायकांनी कान टवकारले. कावेरीबाईंचं बोट बटणाकडं निघालं, पण अगदी सावकाश.

"म्हणं सगळे तिलाच मान देतेत, पोळ्याबी तिच्याच चांगल्या, आन् आता डबाबी तिचाच मोठा! ऐकायलीस ना?"

"हाव," कावेरीबाई स्पीकरवर वाकून बारीक आवाजात म्हणाल्या. "आन् काय म्हणले मी?"

"आन् मग हासलीसबी की! नवरा दुकानाला गेला की अक्काचा डबा मुका होतोय म्हणून!"

आता बोट सपकन पडलं, पण भलत्याच बटणावर. आवाज दुप्पट झाला.

"नुस्ते दिवे लावून बसती म्हणलीस, जत्रंतल्या पाळण्यावानी!"

बायका पदरात तोंड घालून हसत असतानाच राजकन्या एका हातात परात, दुसऱ्या हातानं फोन कानाला लावून दारात आली. "हॅलो, हॅलो! अक्का, रेंजच न्हाई बगा..."

"राजे, तुजी जाऊ जवळ न्हाई ना गं?" स्पीकरनं विचारलं.

राजकन्येनं फोन कापला. दोघी जावा जमिनीकडं बघत राहिल्या.

"एवढ्यासाठी काय तोंडं पाडायची बाई," पुनम समजुतीनं म्हणाली. "लई बारके हायत तुमचे दोन्ही. आमचा उद्या यायलाय लातूरहून. चाकं हायत त्याला, माईकबी हाय. घरात मावायचा न्हाई, अंगणात ठेवावा लागंल."

महिन्याभरात पहिल्यांदा दोघी जावांनी एकमेकींकडं पाहिलं. राजकन्येनं परात पुढं केली. कावेरीबाईंनी दोन लाडू उचलले, एक तिच्या हातावर ठेवला, आणि दोघीही पुनमकडं बघत ते कडाकडा फोडू लागल्या.