सहाव्या झाडाची चिंधी

शुक्रवारी संध्याकाळी बागेचे माळी हमदम-अका यांच्या हातातली लाल फीत पाच झाडांतच संपली. सहावं झाड उरलं, आणि नेमकं तेच त्यांना बांधायचं नव्हतं.

फीत बांधलेली झाडं सोमवारी तोडली जाणार होती. आमच्या शहरातली ही बाग अर्धी प्राण्यांची आणि अर्धी झाडांची. लोक तिकीट काढतात ते अस्वल आणि माकडं बघायला. झाडांच्या अर्ध्यात ते फक्त सावलीला बसतात, खरबूज खातात आणि साली तिथेच टाकून निघून जातात. नवे संचालक सैदअकबर नासिरोविच यांनी हे पहिल्याच आठवड्यात ताडलं. दोन वशिंडांच्या मलिका नावाच्या उंटिणीचं आवार वाढवायचं, तिच्याबरोबर फोटो काढायला ओटा बांधायचा, आणि त्यासाठी कुंपणालगतची सहा झाडं काढून टाकायची, असं त्यांनी ठरवलं.

त्यातले पाच पॉप्लर होते, अर्धे वाळलेले. त्यांच्याबद्दल हमदम-अकांची काही तक्रार नव्हती. सहावा होता गिंको. बावीस वर्षांपूर्वी अकांनी तो ताश्कंदहून बादलीत घालून, आगगाडीत मांडीवर धरून आणला होता. तेव्हापासून त्याला पाणी घालणं, थंडीत गोणपाट गुंडाळणं आणि बकऱ्यांपासून राखणं यात त्यांची माळीकाम करण्याची उमर गेली. संचालकांना त्यांनी सांगून पाहिलं होतं.

"फळ देतो का?" संचालकांनी विचारलं.

"नाही."

"फुलं?"

"अजून नाही."

"मग बावीस वर्षं करतोय काय?"

 याचं उत्तर अकांना घरी गेल्यावर, जेवताना सुचलं, आणि ते सगळं त्यांच्या बायकोला ऐकावं लागलं.

पण हुकूम तो हुकूम. फीत संपली म्हणून उद्यावर ढकलतील ते हमदम-अका कसले? त्यांनी कमरेचा रुमाल सोडला. आमच्याकडे नवरी देते तसा, लग्नात बायकोने भरतकाम करून दिलेला, काठाला लाल फुलं असलेला. त्याची एक पट्टी टर्रकन फाडली, डोक्याएवढ्या उंचीवरच्या फांदीला घट्ट बांधली, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. ते मलिकाने ऐकलं असेल, दुसरं तिथे कोणी नव्हतं.

शनिवारी सकाळी रिसालत-खाला नावाच्या एक म्हाताऱ्या बाई खेड्यातून बाग बघायला आल्या. माकडं त्यांना पाच मिनिटांत पुरली. फिरत फिरत त्या उंटिणीपाशी आल्या आणि गिंकोसमोर थबकल्या. पंख्यासारखी पानं असलेलं झाड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्यावर बांधलेली एकच चिंधी, तीही कोणा पुरुषाच्या भरतकाम केलेल्या रुमालाची. शेजारच्या पॉप्लरवरच्या फितींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या सरकारी होत्या, हे कोणालाही कळलं असतं. खालांनी डोक्यावरच्या ओढणीचा काठ दातात धरून फाडला.

हमदम-अका झारी घेऊन आले तेव्हा त्या टाचा उंचावून उभ्या होत्या.

"खाला, हे काय चाललंय?"

"दिसत नाही? गाठ मारतेय. जरा फांदी खाली धर."

अकांनी सवयीने फांदी धरली. गाठ बसल्यावर त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"अहो, ही बाग आहे, पिराची मजार नाही! इथं झाडांचा अभ्यास चालतो. चिंध्यांनी फांदीचा गळा आवळला जातो."

"मग ती पहिली कोणी बांधली?"

"मी."

"हां. म्हणजे स्वतःचं मागून झालं, आता दुसऱ्याला अभ्यास शिकवतोय."

"मागितलं नाही काही. ती तोडायची खूण आहे."

"बायकोनं भरलेला रुमाल फाडून कोणी तोडायची खूण करतं होय रे? मला काय काल जन्मलेली समजतोस?"

अका चिंधी सोडायला पुढे झाले. तोवर मागे आणखी तीन बायका येऊन उभ्या होत्या. त्यातल्या एकीने त्यांचं मनगट धरलं. "दुसऱ्याचा नवस सोडू नका अका, त्यांचं सगळं तुमच्या डोक्यावर येईल."

"सोडू दे की त्याला," खाला शांतपणे म्हणाल्या. "माझा धाकटा बत्तीस वर्षांचा आहे, लग्नाचं नाव काढत नाही, दिवसभर पलंगावर पडून फोन बघतो. सोडली गाठ तर उद्यापासून तो तुझ्या घरी."

अकांनी हात मागे घेतला. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता, पण घरही दोन खोल्यांचंच होतं.

इतक्यात त्या तिघींपैकी सगळ्यात तरुण बाईने विचारलं, "पण हे झाड कसलं आहे, अका?"

बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. अस्वल काय खातं हे विचारायचे, मुतारी कुठे आहे हे तर रोजच विचारायचे. अकांनी झारी खाली ठेवली. हे झाड चीनकडचं, याचे पूर्वज मोठमोठाल्या पालींच्या काळातले, त्या सगळ्या मेल्या, हे उरलं, असं त्यांनी सांगितलं. बायका पान हातात घेऊन उलटसुलट बघू लागल्या.

"नर की मादी?" एकीने विचारलं.

"अजून त्यानं सांगितलेलं नाही. पंचवीस-तीस वर्षं झाल्याशिवाय सांगत नाही."

"अगदी माझ्या धाकट्यासारखं," खाला म्हणाल्या.

त्यानंतर जो येई त्याला अका आधी चिंधी बांधू नका म्हणून रागवायचे आणि मग झाडाची गोष्ट सांगायचे. इतकं जुनं, इतक्या लांबचं झाड म्हटल्यावर लोक न बांधता कसे जातील? दुपारपर्यंत चाळीस चिंध्या झाल्या. फाटकावरची तिकीटवाली तर विचारण्याआधीच सांगू लागली, "नवसाचं झाड ना? माकडांच्या पुढे डावीकडे."

संध्याकाळी अका घरी गेले तेव्हा त्यांचा घसा बसला होता आणि चेहरा मात्र खुलला होता. बायकोने कारण विचारलं. झाड परवा तुटणार आहे, हे त्यांना तेव्हा पुन्हा आठवलं, आणि ते न जेवताच उठले.

रविवारी सगळं शहर आलं. गिंकोच्या फांद्या हाताला पुरेनात म्हणून लोकांनी पॉप्लरला बांधलं, पॉप्लर भरले तेव्हा दिव्याच्या खांबाला बांधलं. सावलीत संचालकांची गाडी उभी होती, तिच्या आरशाला कोणीतरी निळी चिंधी बांधून गेलं. अकांनी घसा फुटेपर्यंत सांगितलं, पण कोण ऐकतो. मलिका कुंपणापलीकडून हे दोन दिवस बघत होती. तिला आजवर गवताखेरीज काही मिळालं नव्हतं. तिने मान लांब केली, गिंकोची खालची फांदी गाठली आणि एक चिंधी ओढून सावकाश चावू लागली. ती खालांच्या ओढणीच्या काठाची होती.

गर्दीत दोन तट पडले.

"मान्य झाला नवस. जनावरानं घेतला म्हणजे वर पोचला," एक आजोबा म्हणाले.

"पोचला कसला, पोटात गेला," दुसरे म्हणाले.

तोवर मलिकाने आणखी चार गिळल्या. बागेच्या पशुवैद्य मुअत्तर धावत आल्या. बुटक्या, तोंडाने फटकळ, आणि मलिकावर पोटच्या पोरीसारखी माया करणाऱ्या. त्यांनी उंटिणीच्या पोटाला कान लावला.

"हमदम-अका, हिच्या आतड्यात हे अडकलं ना, तर मी तुम्हाला अडकवीन."

"मी काय केलं?"

"पहिली तुम्ही बांधलीत. सगळ्या बागेला ठाऊक आहे."

एवढ्यात आरशावरची निळी चिंधी हातात धरून सैदअकबर नासिरोविच स्वतः आले. त्यांनी झाड पाहिलं, गर्दी पाहिली, उंटीण पाहिली. "उद्या सकाळी आठ वाजता," ते म्हणाले, "हे झाड सगळ्यात आधी." अकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आवाज राहिलाच नव्हता. ते नुसते झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले. लोकांना वाटलं, तेही प्रार्थनाच करताहेत.

सोमवारी आठला करवत आणि माणसं घेऊन झाडं तोडणारा कारागीर उस्ता कुर्बान आला. फीत किंवा कापड बांधलेली सगळी झाडं तोडायची, असा कागद त्याच्या हातात होता. त्याने कागद वाचला, वर पाहिलं, परत कागद वाचला.

"सैदअकबर नासिरोविच, कापड तर खांबालाही आहे. तोही पाडू?"

"खांब कशाला पाडायचा? त्या झाडापासून सुरू करा."

उस्ता कुर्बानने करवत गवतावर ठेवली. "हे नाही जमायचं."

"का?"

"तीनशे माणसांची मागणी बांधलीय त्यावर. तीनशे जणांचं ओझं मी एकटा घेऊ? माझी बायकोही काल इथं आली होती. तिनं काय मागितलं तेही अजून मला माहीत नाही."

"मग आधी चिंध्या सोडा."

"तुम्ही सोडा," तो अदबीने म्हणाला. "आम्ही बाजूला उभे राहतो."

संचालक झाडापाशी गेले. हात वर केला, एका पिवळ्या चिंधीला लावला, आणि मग त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसला. तिकीटवालीसकट सगळे बघत होते.

तेवढ्यात मुअत्तर कागद घेऊन आल्या. मलिका पहाटे मोकळी झाली होती, पाचही चिंध्या मोजून मिळाल्या होत्या, आणि आता मुअत्तरना जोर चढला होता. "हे माझं लेखी मत. उंटिणीच्या मानेच्या टप्प्यात कापड नको. कुंपण चार मीटर मागे घ्या."

"मी आवार पुढे आणतोय आणि तुम्ही मागे न्यायला सांगता? झाडच तोडलं की कापड कशाला बांधतील?"

"झाड नसलं तर कुंपणाला बांधतील. मग मलिकाला मानही लांब करावी लागणार नाही."

सैदअकबर नासिरोविचनी एकदा मलिकाच्या मानेकडे पाहिलं, एकदा कुंपणाकडे. शेवटी त्यांनी उस्ता कुर्बानला कुंपण मागे घ्यायला करवतीऐवजी कुदळ आणायला सांगितलं, आणि अकांना एक पाटी लिहायला सांगितलं: येथे कापड बांधू नये. अकांनी पाटी लिहिली. झाडाचं नाव, मूळ देश, वय, पूर्वजांची हकीकत, नर-मादीचा प्रश्न, असं लिहिता लिहिता पाटी भरली आणि कापडाचं वाक्य राहून गेलं.

नोव्हेंबरात गिंको डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झाला तेव्हा रिसालत-खाला पुन्हा आल्या. हातात फडक्यात बांधलेल्या तळलेल्या पातळ रोट्या होत्या. आमच्याकडे नवस फिटला की अशा सात रोट्या वाटतात.

"ठरलं पोराचं?" अकांनी विचारलं.

"ठरलं. दातांची डॉक्टर आहे, याच्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि मला बोलू देत नाही. चूक माझीच. मी लग्न मागितलं, कोणाशी ते सांगायचं राहिलं." त्यांनी एक रोटी अकांच्या हातात ठेवली. "तुझा फिटला का?"

"माझा नवस नव्हता हो खाला. किती वेळा सांगू, ती तोडायची खूण होती."

"बांधताना बोललास काय?"

 वरून दोन पानं गळून अकांच्या टोपीवर पडली.

"'पडू नकोस' म्हणालो होतो."

"मग?" खाला म्हणाल्या. "उभं आहे ना? सात कर. तेलात. मोजून."

"मी असलं काही मानत नाही."

"मानू नकोस. वाट."

दुसऱ्या दिवशी हमदम-अका झाकलेली ताटली घेऊन बागेत आले. एक तिकीटवालीला दिली, दोन मुअत्तरना, त्यातली एक मलिकासाठी मागितली म्हणून, पण ती मुअत्तरनीच खाल्ली. उस्ता कुर्बान सहज म्हणून आला होता, त्याने बायकोसाठीही घेतली. एक अकांनी गिंकोखाली बसून स्वतः खाल्ली. उरलेली घेऊन ते संचालकांच्या दारात उभे राहिले.

"हे काय?" सैदअकबर नासिरोविचनी विचारलं.

"काही नाही. बायकोने जास्त केल्या होत्या."

संचालकांनी ताटलीतल्या एकुलत्या एक रोटीकडे पाहिलं, मग अकांकडे. टेबलाचा खण किंचित उघडा होता, आणि त्यात एक निळी चिंधी नीट घडी करून ठेवलेली दिसत होती. त्यांनी खण हळूच लोटून बंद केला.

"सातवी ना?" ते म्हणाले, आणि खुर्चीतून उठून दोन्ही हातांनी रोटी घेतली.