इमानाचे पाय

शालिककाका कापगते यांनी आपल्या सख्ख्या भाचीची सोयरीक एका भिंगानं मोडली. आम्ही मुलाचं घर पाहायला गेलो होतो. चहा-चिवडा झाला, देण्याघेण्याचंही जमलं, आणि मुलाच्या बापानं कौतुकानं भिंतीवरचा फोटो दाखवला. लढाऊ विमानाला टेकून उभा असलेला त्यांचा आजोबा. “पहिल्या महायुद्धात पायलट होते जी,” ते म्हणाले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी सदऱ्याच्या खिशातून भिंग काढलं, खुर्चीवर चढले, बराच वेळ फोटोचा तळ न्याहाळला आणि उतरून म्हणाले, “इमान असली आहे. पण तुमचा बुढा त्याच्यापाशी कधी गेलाच नाही. बुढ्याची सावली इकडे पडून राहिली, इमानाची तिकडे. दोन फोटो जोडले कोणंतरी.”

बोलणी तिथंच संपली. भाचीला पुढं चांगलं स्थळ मिळालं, पण लग्नाची पत्रिका मामाकडे गेली नाही.

आमच्या झाडीपट्टीत, नागपूरच्या पलीकडे, विमानाला इमान म्हणतात. ‘वि’ आमच्या तोंडात टिकत नाही. विहिरीची इहीर होते, विस्तवाचा इस्तो होतो, तसं विमानाचं इमान. पुण्याकडच्या माणसाला कोणी सांगितलं की कापगत्याचं इमान नकली निघालं, तर तो भलताच अर्थ घेईल. ही गोष्ट मी लिहायला बसलो ती त्या भलत्या अर्थापायीच.

माझं लाखनीला हायवेवर फोटो मढवायचं दुकान आहे. ट्रकवाल्यांच्या कृपेनं धंदा बारमाही चालतो. लोक जिवंतपणी माणसाकडे ढुंकून पाहत नाहीत, मेल्यावर त्याला सोनेरी पट्टीत बसवायला घेऊन येतात आणि सांगतात, थोडं गोरं करा. मी गोरं करतो. कोणाची तक्रार आलेली नाही, मेलेल्याची तर नाहीच.

काका जवळच्याच गावचे. शेती धानाची, पण घरात धानाच्या पोत्यांपेक्षा पत्र्याच्या पेट्या जास्त, आणि पेट्यांत फक्त जुन्या इमानांचे फोटो. तेही अगदी सुरुवातीच्या काळातल्या, दोन मजली पंखांच्या, लाकूड-कापडाच्या लढाऊ इमानांचे. हायवेवरचे भंगारवाले त्यांच्यासाठी फोटो बाजूला काढून ठेवत. नागपूरला एखादा जुना स्टुडिओ बंद पडला की काका तिथं मयतीला गेल्यासारखे जात. धुराडी वरच्या पंखाच्याही वर गेलेली दिसली की म्हणत, “हे बी.ई. टू.” चालवणाऱ्याच्या पुढं कुबड दिसलं की म्हणत, “हा उंट.” इंग्रजांनी खरंच एका इमानाचं नाव उंट ठेवलं होतं, हे गावाला शेवटपर्यंत पटलं नाही. मोबाइलवर गोऱ्या लोकांचा एक ग्रुप होता. त्यावर कोणी हौसेनं फोटो टाकला की काका खाली दोनच शब्द लिहीत, ‘नॉट ओरिजिनल’. त्यांनी काकांना दोनदा बाहेर काढलं.

ओळखायची त्यांची रीत एकच. “आधी पाय पाय!” आमच्याकडे ‘पाहा’चंही ‘पाय’ होतं, त्यामुळे नवख्याला वाटे माणूस तोतरा आहे. पाय म्हणजे इमानाची चाकं. ती जमिनीत किती रुतली, गवत दबलं की नाही, सावली कुठं पडली. “पंख कोणीबी रंगवते, सुधाकर. तोंड खोटं बोलते, पाय नाही बोलत.”

मी एकदा त्यांच्या एका फोटोवरचा चरा कॉम्प्युटरवर पुसून दिला. प्रेमानं दिला, फुकट दिला. काकांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “हे काय केलं? हा चरा नव्हता, ही तार होती. पंखाची तार. फोटो साफ नाही केला तू, गवाह मारला.” त्यानंतर संपूर्ण उन्हाळा ते माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. मला रागही आला. ज्या गावात सरपंचापासून पुजाऱ्यापर्यंत कोणी खरं बोलत नाही, तिथं या एका माणसानं मेलेल्या इमानांसाठी जिवंत माणसं तोडत फिरावं? लोक त्यांना ‘नकलीमामा’ म्हणत, आणि मीही हसणाऱ्यांत असे.

हे खूळ आलं कुठून, ते काकांच्या आत्याला पाहिल्यावर कळतं. काकांची आई बाळंतपणातच गेली. त्यांना आत्यानं वाढवलं. आत्याचं लग्न झालं नाही, कारण तिचा बाप, म्हणजे काकांचा आजा, ती लहान असतानाच घरातून गेला तो परतला नाही. घरातले सांगत, दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेला, इमान चालवायला. गाव सांगे, मंडईतून एका बाईसोबत पळाला. मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्या गावोगावी भरणारी जत्रा. पळून गेलेल्याची पोरगी कोण करून घेणार? आत्यापाशी बापाचा एकच फोटो. जुन्या, दोन मजली पंखांच्या इमानात बसलेला, डोक्याला फेटा, चेहऱ्यावर हसू. इमानाचा एका बाजूचा पंख मात्र नाही. तो उंदरानं खाल्ला, असं काकांची आजी सांगायची. त्या फोटोतलं इमान असली ठरलं तर आत्याचा बाप शिपाई, नाहीतर पळपुटा. आत्याचं अख्खं आयुष्य त्या दोन चाकांवर उभं होतं. काकांनी इमानांची ओळख शिकायला घेतली ती तिच्यासाठी. पण तो फोटो आत्यानं देव्हाऱ्यात ठेवलेला. लहानपणी पाहिला तेवढाच. “पाहीन कधीतरी निवांत,” ते म्हणत, आणि जगभरचे दुसरेच फोटो पाहत बसत.

मग काकांचा पुतण्या मनोज पुढारी झाला. त्याला जिल्हा परिषदेचे वेध लागले होते आणि घराण्यात एखादा वीर हवा होता. पंधरा ऑगस्टला चौकात मोठा फलक लावायचा, त्यावर काकांच्या आज्याचा फोटो, आणि काकांनी माइकवर सांगायचं की इमान अमुकच आहे. “काकानं असली म्हणलं म्हणजे कोणाची हिंमत नाही,” मनोज मला म्हणाला. खरंच होतं. ज्यानं भाचीला सोडलं नाही तो आज्याला काय सोडणार? त्यानं देव्हाऱ्यातून फोटो काढून मोठा करायला माझ्याकडे आणला. मागोमाग काका आले.

मी फोटो स्कॅन केला आणि पडद्यावर मोठा करत गेलो. काका शेजारी उभे. सवयीनं त्यांची नजर आधी खाली गेली. चाकं गवतावर होती, पण गवत दबलेलं नव्हतं. गवतही रंगवलेलं होतं, चाकंही. कडेला फळीचा खिळा दिसत होता. मंडईत फोटोवाले उभं करत तसलं फळ्यांचं इमान, मागून आत बसायचं आणि फोटो काढायचा. पंख उंदरानं खाल्ला नव्हता. उंदीर सरळ रेषेत खात नाही, फोटो कैचीनं कापला होता. आणि कापलेल्या कडेपाशी, आज्याच्या खांद्यावर, तीन बोटं राहून गेली होती. कैची थोडी चुकली होती. एका बोटात बायकी अंगठी होती.

बाहेर ट्रक जात होते. काका खुर्चीवर बसले.

“पाय पायले?” त्यांनी विचारलं.

“पायले जी.”

“मंग तोंड बंद ठेव.” मग त्यांनी पडद्याकडे न बघता हात केला. “आन् ते बोटं पुसून टाक.”

मी पुसली. मेलेल्यांना गोरं करताना माझा हात कधी अडला नाही, त्या दिवशी अडला.

पंधरा ऑगस्टला सगळा गाव चौकात होता. झेंडा झाला, मनोजचं भाषण झालं. पहिल्या रांगेत आत्या, कोरं लुगडं नेसून. तिच्याकडे पाहून ज्यांच्या आयांनी तोंडं वाकडी केली होती, ते सगळे मागं बसले होते, आणि काका आज आपल्याच घराची अब्रू कशी काढतात ते ऐकायला कान टवकारून होते. काकांनी माइक धरला आणि इमानाचं नाव सांगितलं, इंजिन सांगितलं, पंखांच्या तारा सांगितल्या. “असली आहे,” ते म्हणाले. “माहा आजा यातच बसून लढला. कोणाले शक असन त्यानं आता उभं राहावं.” कोणी उभं राहिलं नाही. टाळ्या पडल्या. आत्या उठली, फलकापाशी गेली आणि बापाच्या खांद्यावरून हात फिरवला, नेमका जिथं मी पुसलं होतं तिथं.

मी काकांच्या तोंडाकडे पाहत नव्हतो. त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचे पाय लटपटत होते.

निवडणुकीत मनोज पडला. फलक आता कोणाच्या तरी गोठ्यावर पावसाला आडोसा म्हणून बांधलाय. काका नंतर एकदाच दुकानात आले आणि भिंग माझ्या गल्ल्यावर ठेवलं. भंगारवाल्यानं चांगला गठ्ठा बाजूला काढून ठेवलाय, असं मी सांगून पाहिलं.

“वापस देऊन टाक,” ते म्हणाले. “आता लोकाईले नकली कोण्या तोंडानं म्हणू?”

गावाला वाटतं म्हातारपणी खूळ सुटलं, बरं झालं. भाचीसुद्धा परवा येऊन भेटून गेली. खोटं बोलल्यावर माणसं परत येतात, हे मला ठाऊकच होतं. मीही अधूनमधून जातो. आत्याला हल्ली दिसत नाही, आठवणही राहत नाही. दाराशी पायांचा आवाज आला की ती खाटेवरून विचारते, “शालिक, बाबाचं इमान असलीच होतं ना रे?”

“असली होतं वं आत्या,” काका म्हणतात, आणि आपले दोन्ही पाय धोतरात ओढून घेतात. तिला दिसत नाही, तरीही.